पुन्हा पाहावेत असे सिनेमे, पडद्यावर यावीत अशी पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात प्रतापनगरच्या एका घरात, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, महिन्यातले दोन शनिवार आम्ही पंधरा-वीस जण जमतो. एक शनिवार सिनेमाचा, एक पुस्तकाचा. प्रोजेक्टर जुना आहे, उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात संवाद बुडतात, तरी माणसं येतात. नवीन येणारे जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

गोष्ट तर कळलेली असते. मग तोच सिनेमा पुन्हा कशाला पाहायचा?

पहिल्या वेळी आपलं सगळं लक्ष ‘पुढे काय’ याच्या मागे धावत असतं. नायिका घर सोडेल का, खटला कोण जिंकेल, पैसे कोणी नेले. हे एकदा कळलं की डोळे मोकळे होतात. मग खोलीच्या कोपऱ्यात कोण उभं आहे, कोण बोलताबोलता थांबलं, कोणी पाणी दिलं आणि कोणी दिलं नाही, हे दिसायला लागतं.

माझ्यापुरतं सांगते. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) मी पहिल्यांदा आईसोबत घरच्या टीव्हीवर पाहिला. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घरापासून दूर जाते, परत येते तेव्हा नवरा दुसऱ्या बाईत गुंतलेला असतो. तेव्हा मला राग आला तो फक्त नवऱ्याचा. बरीच वर्षं गेली, माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि त्याच सुमारास तो सिनेमा पुन्हा पाहिला. या वेळी माझं लक्ष सुलभाच्या लहान मुलीवर होतं. आई लांब असताना घरातल्या जावेनं तिला आपलंसं करून टाकलेलं असतं. कुणी वाईट वागत नाही, कुणी आवाज चढवत नाही. घर एका बाईची जागा हळूहळू भरून काढतं आणि ती परत येते तेव्हा तिला बसायला जागाच उरलेली नसते. हे सगळं पहिल्या वेळीही पडद्यावर होतं. मला दिसलं नव्हतं.

(त्यातली ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ ही सुरेश भटांची गझल. रेशीमबागेतल्या त्यांच्या नावाच्या सभागृहापुढून जाताना मला दर वेळी ती आठवते.)

सुरुवात कोणत्या सिनेमापासून करावी?

‘सिंहासन’ (१९७९). मी हे नाव प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहणार.

अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. साधू आपल्या अमरावती जिल्ह्यातले. २००७ साली नागपूरला ८०वं साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष होते. पहिल्या वेळी या सिनेमात नावांचा आणि डावपेचांचा गोंधळ उडतो, ते साहजिक आहे. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे गट जमवतात, कामगार पुढारी आहे, तस्कर आहे, झोपडपट्टीतला बेकार माणूस आहे. एका बैठकीत एवढं पचत नाही.

दुसऱ्या वेळी एकच करा. फक्त दिगू टिपणीसकडे बघा. निळू फुल्यांनी साकारलेला हा पत्रकार प्रत्येक दालनात जातो, सगळ्यांचं ऐकून घेतो आणि फार थोडं बोलतो. समोरचा मंत्री बोलत असताना त्याचा चेहरा बघा. तो सगळं जाणतो आणि त्याला काहीही करता येत नाही, हे त्या चेहऱ्यावर थरावर थर चढत जातं. शेवटी तो वेडापिसा होतो, तो प्रसंग पहिल्या वेळी अचानक वाटतो. दुसऱ्या वेळी वाटत नाही. अर्ध्या तासापासून तो तिकडेच चाललेला दिसतो.

‘कोर्ट’ फार संथ वाटला. लोक त्याची एवढी तारीफ का करतात?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो. ‘कोर्ट’ला व्हेनिसला पुरस्कार मिळाले, राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, हे सांगून कुणाचं समाधान होत नाही आणि व्हायलाही नको. म्हणून आम्ही तो हॉलमध्ये दोनदा लावला, दोन वेगळ्या महिन्यांत.

चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमात (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी, लांब उभा असतो. जवळ जाऊन ‘हे बघा’ असं सांगत नाही. शाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला. पहिल्या वेळी आपण खटला पुढे सरकायची वाट बघतो. तारखा पडत राहतात आणि आपण कंटाळतो. दुसऱ्या वेळी लक्षात येतं की सिनेमा न्यायालयातून उठून प्रत्येकाच्या मागे घरी जातो. सरकारी वकील बाई पाळणाघरातून मुलाला घेते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही. दिवसभर एका माणसाच्या आयुष्याची वर्षं मागून ती संध्याकाळी कणीक मळते, आणि हीच गोष्ट अंगावर येते.

शेवटाबद्दल थोडं जास्त लिहिते. न्यायालयाला सुट्टी लागते, खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो. पहिल्या वेळी आमच्या हॉलमधले तिघे उठून चपला शोधायला लागले होते. पण सिनेमा संपलेला नसतो. न्यायाधीश सहलीला गेलेले असतात, बाकावर बसल्या बसल्या पेंगतात. पोरं जवळ येऊन ओरडून त्यांना जागं करतात. ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा पेंगतात. एवढंच. दुसऱ्या वेळी हा प्रसंग सुरू झाला तेव्हा हॉलमध्ये कुणी हललं नाही.

आणि आम्हा नागपूरकरांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार आपल्या शहरातले कार्यकर्ते होते. चळवळीत गाणारा, लिहिणारा, सभा घेणारा माणूस. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं ते गेले. आमच्यातल्या काहींनी त्यांना सभांमध्ये ऐकलं होतं. आता तो सिनेमा लावला की त्यांचा आवाज ऐकायला म्हणून माणसं येतात.

‘झुंड’ तुम्हाला नागपूरचा म्हणून आवडतो का?

पहिल्या वेळी, हो. आपल्या गल्ल्या, आपली नागपुरी हिंदी, आपली पोट्टी पडद्यावर दिसली याचाच आनंद होता. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचं फुटबॉल सुरू केलं, त्यावर नागराज मंजुळेंनी हा सिनेमा केला (२०२२). अमिताभ बच्चन सोडले तर लक्षात राहतात ती नागपूरचीच मुलं.

तीन तासांच्या आसपासचा सिनेमा आहे आणि उत्तरार्ध लांबतो, असं मलाही वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी भिंतीकडे बघत होते. वस्ती आणि कॉलेजचं मैदान यांच्या मधली ती भिंत. कोण ती कुठून ओलांडतं, कोणाला फाटकातून येता येतं, कोणाला उडी मारावी लागते, कोणाला ओळखपत्र दाखवूनही अडवतात. मग उत्तरार्धातली कागदपत्रांची वणवण लांबण वाटत नाही, कारण तीही भिंतच आहे, विटांऐवजी फॉर्मची. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून उभे राहिलेले बच्चन हे दृश्य ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ घडला त्या शहरात बसून बघणं वेगळं असतं. आमच्यातल्या एका मावशींचे वडील त्या दिवशी दीक्षाभूमीवर होते. त्या दृश्यानंतर त्यांनी मला सिनेमा थांबवायला लावला आणि दहा मिनिटं त्या वडिलांबद्दल बोलत होत्या.

विनोदी सिनेमे पुन्हा पाहण्यासारखे नसतात का?

असतात की. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घराघरात पाठ आहे. तो मी पुन्हा बघते ते अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं एकमेकांना ऐकणं बघायला. विनोद ज्याच्या तोंडी आहे त्याच्याकडे सगळे बघतात. तुम्ही दुसऱ्याकडे बघा.

किती दिवसांनी पुन्हा पाहावा?

आपलं आयुष्य थोडं बदलल्यावर. लगेच दुसऱ्या दिवशी पाहिलात तर फक्त चुका सापडतात.

मोबाईलवर पाहिला तर चालेल?

पहिल्यांदा चालेल. ‘कोर्ट’सारखा सिनेमा मात्र नाही, कारण त्यात मागच्या बाकावरची माणसंच मुख्य आहेत आणि मोबाईलवर ती मुंगीएवढी दिसतात.

पुस्तक आधी वाचावं की सिनेमा आधी पाहावा?

पुस्तक आधी, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. आता तेवढ्या जोरात सांगत नाही. ‘बनगरवाडी’ घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा. आमच्या एका तरुण सभासदानं सिनेमा आधी पाहिला आणि मग कादंबरी एका रात्रीत संपवली. म्हणाला, “मॅडम, माळ डोळ्यांपुढे होता, म्हणून मले माणसांकडे नीट पाहता आलं.” उलटही होतं. ‘शाळा’ ज्यांनी आधी वाचली त्यांना सिनेमात मुकुंदचा मनातला आवाज कमी पडतो. मिलिंद बोकीलांची सगळी गंमत त्या आवाजात आहे. चेहरे सुजय डहाकेंनी अचूक निवडले, पण तो आवाज चेहऱ्यावर पूर्ण उतरत नाही.

कोणतं पुस्तक पडद्यावर येण्याजोगं आहे, हे कसं ओळखायचं?

लोक म्हणतात, ज्यात भरपूर घडतं ते. माझं मत वेगळं आहे. पुस्तकाची गोष्ट चार वाक्यांत कुणाला तरी सांगून टाका. मग बघा, सांगून झाल्यावर तुमच्याकडे काय उरतं. एखादी खोली उरली, एखादी वस्तू, एखाद्या बाईची चालण्याची पद्धत उरली, तर त्यात सिनेमा आहे. पुन्हा पाहण्याजोगा सिनेमाही मी असाच ओळखते, म्हणून हे दोन विषय आम्ही एकाच हॉलमध्ये ठेवले.

पानांची संख्या आड येत नाही. ‘सिंहासन’ दोन कादंबऱ्यांचा आहे, ‘जोगवा’सुद्धा राजन गवसांच्या दोन कादंबऱ्यांवरचा आहे, आणि पालेकरांचा ‘कैरी’ जी. ए. कुलकर्णींच्या एका कथेवर उभा आहे.

मग भालचंद्र नेमाडेंच्या ‘कोसला’वर सिनेमा का होऊ नये?

कारण पांडुरंग सांगवीकर जे जगतो त्यापेक्षा तो ते कसं सांगतो यात ते पुस्तक आहे. सांगणं काढून घेतलं तर हॉस्टेल, मेस आणि परत गेलेला मुलगा उरतो. मला ते पुस्तक फार प्रिय आहे आणि ते पुस्तकच राहावं.

विदर्भातली कोणती पुस्तकं पडद्यावर यावीत?

या प्रश्नाची मी वाट बघत असते.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आधी. २०१२ साली ‘धग’ नावाचा सिनेमा आला, उषा जाधव यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्याचा या कादंबरीशी संबंध नाही. तो सिनेमा स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची गोष्ट सांगतो. शेळक्यांची कौतिक ही शिंप्याच्या घरची बाई, नवऱ्याचा संसाराला टेकू नाही, पुढे त्याला महारोग होतो, आणि ही एकटी संसार ओढत राहते. कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी वाचताना मला आजीच्या घरची चूल दिसते. तिचं कष्ट करणं एखाद्या मोठ्या भाषणात सांगितलेलं नाही. ती उठते, कामाला लागते, संध्याकाळ होते. हे दाखवायला कॅमेऱ्याइतकं चांगलं साधन नाही.

महेश एलकुंचवार नागपुरात राहतात आणि त्यांच्या नाटकांवर सिनेमे झालेत. ‘होळी’वरून केतन मेहतांचा, ‘पार्टी’वरून गोविंद निहलानींचा (दोन्ही १९८४), ‘सोनाटा’वरून अपर्णा सेन यांचा (२०१७). यांतला एकही मराठीत नाही, याची मला मनापासून खंत आहे. ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या एकाच घराण्याच्या तीन नाटकांची मिळून मराठीत एक दीर्घ मालिका व्हायला हवी. वाड्याच्या अंगणात नादुरुस्त पडलेला ट्रॅक्टर आहे. विकला जात नाही, चालत नाही, प्रत्येकाला येताजाता लागतो. आणि ती रात्र, जेव्हा वहिनी घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालून बघते. पुढे रंजू तेच सोनं घेऊन शिकवणीच्या मास्तरासोबत पळते. रंगमंचावर दागिने लांबून चमकतात. पडद्यावर त्या सोन्याच्या खालचा, रोजच्या कामानं रापलेला हात दिसेल.

वसंत मून यांचं ‘वस्ती’ (१९९५). सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यातलं बालपण. आखाडा, समता सैनिक दल, गरिबीशी झुंजणारी आई, आणि बाबासाहेबांच्या नावानं ताठ उभी राहणारी अख्खी वस्ती. दलित आत्मकथनांवर सिनेमा म्हटलं की दिग्दर्शकांना फक्त दुःख दिसतं. ‘वस्ती’त दुःख आहे, पण खेळ आहे, शिस्त आहे, ऐट आहे. या शहराचा इतका जिवंत इतिहास मी दुसऱ्या पुस्तकात वाचला नाही.

आणि कुमुद पावडे यांचं आत्मकथन, ‘अंतःस्फोट’ (१९८१). त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिते.

वऱ्हाडी बोली बाकी महाराष्ट्राला कळेल का?

‘सैराट’ (२०१६) करमाळ्याकडच्या बोलीत होता. गडचिरोलीपासून कोकणापर्यंत लोकांनी तो पाहिला आणि कुणी शब्दकोश मागितला नाही.

हे मी जरा चिडून लिहिते आहे, कारण आमच्या गटातल्या एका मुलानं वऱ्हाडीत लघुपट केला होता. आजोबा आणि नातू, कापसाच्या गाडीवर, बारा मिनिटं. एका स्पर्धेत परीक्षकांनी त्याला सांगितलं की विनोदी पात्राला अशी भाषा ठीक, पण आजोबांच्या मरणाच्या प्रसंगी प्रमाण मराठी हवी होती. त्याचे आजोबा खरोखर त्याच भाषेत बोलत बोलत गेले होते. गेली कितीतरी वर्षं आपली बोली हसवण्यापुरतीच पडद्यावर येते, त्याचा हा परिणाम. ‘धग’ वाचलेला माणूस असं म्हणूच शकणार नाही.

मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांवर काही होऊ शकतं का?

सिनेमापेक्षा माहितीपट व्हावा. नवेगावबांधचं तळं, तिथले पक्षी, आणि पाखरांची नावं जंगलातल्या माणसांकडून शिकणारा एक वन अधिकारी. यात नायक-खलनायक घुसवले तर सगळं बिघडेल.

मला एका कथेवर लघुपट करायचा आहे. परवानगी कोणाकडून घ्यायची?

लेखकाकडून, लेखक हयात नसेल तर वारसांकडून. प्रकाशकाकडे चित्रपटाचे हक्क असतीलच असं नाही, ते करारावर अवलंबून असतं. पण पहिला फोन प्रकाशकाला करा, वारसांचा पत्ता तिथेच लागतो. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे.

परवानगी लेखीच घ्या, ओळखीचं घर असलं तरी. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. स्पर्धेसाठी करतोय, पैसे मिळणार नाहीत, हे कारण पुरत नाही. वारसांना आधी वाचून दाखवा. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात. त्यांनाही ते पुस्तक कुणीतरी अजून वाचतंय हे कळायला हवं असतं.

तुमच्या हाती कॅमेरा दिला तर पहिलं दृश्य कोणतं घ्याल?

हे मला एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला मला दोन शनिवार लागले.

‘अंतःस्फोट’मधलं. कुमुद सोमकुंवर ही नागपूरची दलित मुलगी संस्कृत शिकायचं ठरवते. जी भाषा तिच्या जातीच्या कानावरही पडू नये असं शतकानुशतकं ठरलं होतं, ती भाषा. गोखले गुरुजी तिला मन लावून शिकवतात. ती एम. ए. होते, उत्तम गुणांनी. नोकरी मिळत नाही. मग दुसऱ्या जातीत लग्न होतं, आडनाव पावडे होतं, आणि नोकरी मिळते.

मी एक टेबल घेईन. दुपार, खिडकीतून उन्हाचा पट्टा, शाईचं पेन. अर्जावर तोच हात, तीच पदवी, तेच गुण, तेच सुबक देवनागरी अक्षर. फक्त आडनावाच्या रकान्यात हात या वेळी वेगळी अक्षरं काढतो. चेहरा दाखवणार नाही. नाव लिहून झाल्यावर शाई वाळायला लागतो तेवढा वेळ कॅमेरा तिथेच ठेवीन.